मूलद्रव्यांची नावं, संज्ञा आणि डोळ्यांना न दिसणारा अणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान आठवी ते दहावीची मुलं आणि त्यांचा अभ्यास घेणारे नाशिकमधले पालक यांच्यासाठी आहे. इथे इंग्रजी अक्षरं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. ‘एन-ए’ अशी दोन अक्षरांची संज्ञा दिसली की पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं आणि दुसरं छोट्या लिपीतलं समजायचं. वहीत मात्र संज्ञा रोमन अक्षरांतच लिहायच्या.

संज्ञा म्हणजे नावाचं छोटं रूपच ना? मग पाठ केली की झालं?

इथेच बहुतेकांची गाडी अडते. संज्ञा नुसत्या नावाऐवजी येत नाही, ती एका अणूऐवजी उभी असते. ‘ओ’ लिहिलं की ऑक्सिजनचा एक अणू. ओच्या आधी दोन लिहिला तर सुटे दोन अणू. ओच्या पायाशी छोटा दोन लिहिला तर तेच दोन अणू एकमेकांना जोडलेले, म्हणजे ऑक्सिजनचा एक रेणू. एच-टू-ओ वाचताना तोंडाने ‘पाणी’ म्हणावं आणि मनात तीन गोळे दिसावेत, मधला मोठा आणि त्याला चिकटलेले दोन लहान. हे चित्र उमटत नसेल तर पाठांतर परीक्षेपुरतं टिकतं आणि नववीत रेणुवस्तुमान आलं की कोसळतं.

जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूसाठी एक वर्तुळ आणि त्यात वेगळी खूण ठरवली होती. स्वीडनचे बर्झेलियस यांनी १८१३-१४ च्या सुमारास वर्तुळांच्या जागी अक्षरं आणली, कारण ती लिहायला आणि छापायला सोपी होती. अक्षरं आली आणि गोळा नजरेआड झाला. अभ्यास करताना तो पुन्हा समोर आणायचा.

एकूण मूलद्रव्यं ११८. सगळी पाठ करायची का?

नाही. पहिली वीस, हायड्रोजन ते कॅल्शियम, अणुअंकाच्या क्रमाने. त्यानंतर ही सोळा: क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, जस्त, ब्रोमीन, चांदी, कथील, आयोडीन, बेरियम, सोनं, पारा, शिसं, युरेनियम. या छत्तीसवर दहावीपर्यंतचं जवळपास सगळं काम भागतं. बाकीची आवर्तसारणीत शोधता आली म्हणजे पुरे.

पहिली वीस क्रमानेच का? कारण अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या, आणि त्यावरूनच इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ते निघतं. सोडियम अकरा हे माहीत असेल तर २, ८, १ आपोआप येतं. बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून संयुजा, म्हणजे दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, एक. ही साखळी नंबरापासून सुरू होते, त्यामुळे नंबराशिवाय नाव पाठ करण्यात अर्थ नाही.

पाठांतराची नेमकी पद्धत काय?

पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद घ्या आणि त्याचे पत्त्यांएवढे तुकडे करा. पुढच्या बाजूला फक्त संज्ञा, मोठ्या अक्षरात. मागे चार गोष्टी: मराठी आणि इंग्रजी नाव, अणुअंक, संयुजा, आणि घरात किंवा गावात ते मूलद्रव्य जिथे भेटतं ती एक वस्तू. सोडियमला मीठ, मॅग्नेशियमला हिरव्या पानातलं हरितद्रव्य, तांब्याला भांडी बाजारातला तांब्या, सिलिकॉनला पांडवलेणी ज्यात कोरली तो काळा दगड. ही चौथी ओळ मुलाने स्वतः शोधून लिहावी. पालकांनी सांगितलेली वस्तू डोक्यात राहत नाही.

रोज पाच नवी कार्डं. प्रत्येक कार्ड दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा हातात यायला हवं. चुकलं तर त्याची मोजणी पहिल्या दिवसापासून. सकाळी शाळेच्या रिक्षाची वाट बघताना दहा मिनिटं पुरतात. दोन्ही बाजूंनी विचारा. संज्ञेवरून नाव सगळ्यांना येतं, नावावरून संज्ञा लिहिताना गोंधळ होतो.

रविवारी बसून छत्तीसच्या छत्तीस घोकायला लावू नका. सोमवारी सगळं म्हणून दाखवतील आणि पुढच्या सोमवारी कथलाच्या ‘एस-एन’ला सोडियम म्हणतील.

सोडियमचं ‘एन-ए’, लोखंडाचं ‘एफ-ई’ असं का? नावाशी काही मेळच नाही.

असा मेळ नसलेली मूलद्रव्यं एकूण अकरा आहेत. त्यांच्या संज्ञा जुन्या, बहुतेक लॅटिन नावांवरून आल्या: सोडियम (नेट्रियम), पोटॅशियम (केलियम), लोखंड (फेरम), तांबं (क्युप्रम), चांदी (अर्जेंटम), कथील (स्टॅनम), अँटिमनी (स्टिबियम), सोनं (ऑरम), पारा (हायड्रार्जिरम), शिसं (प्लंबम). अकरावं टंगस्टन, त्याचं ‘डब्ल्यू’ वुल्फ्रॅम या नावातून आलं.

मराठी मुलांना इथे एक खूण हाताशी आहे. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, कथील, शिसं, पारा या सातांना आपल्याकडे घरची नावं आहेत. हे धातू माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहेत, म्हणून प्रत्येक भाषेत त्यांना आपापलं नाव पडलं, तसं लॅटिनमध्येही. तेव्हा धातूचं नाव अस्सल मराठी असेल तर संज्ञा इंग्रजी नावाशी जुळणार नाही असं धरून चाला. अपवाद जस्ताचा: झिंकचं झेड-एन सरळ आहे. गंधक धातू नाही, त्याचं ‘एस’ही सरळ. मग वेगळी लक्षात ठेवायला उरतात चारच: सोडियम, पोटॅशियम, अँटिमनी, टंगस्टन.

मोठं अक्षर, छोटं अक्षर याने खरंच इतका फरक पडतो?

पडतो, पदार्थच बदलतो. देवनागरीत मोठी-छोटी लिपी हा प्रकारच नाही, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांच्या हाताला ही सवय उशिरा लागते आणि गुण इथेच जातात. मोठा सी, छोटा ओ म्हणजे कोबाल्ट नावाचा धातू. दोन्ही मोठे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, बंद खोलीत शेगडी पेटवली तर जीव घेणारा वायू. मोठा एन, छोटा ओ म्हणजे १०२ क्रमांकाचं नोबेलियम. दोन्ही मोठे म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. मोठा एच, छोटा एफ हाफ्नियम. दोन्ही मोठे म्हणजे हायड्रोजन फ्लुओराइड.

या तीन जोड्या रोज एकदा श्रुतलेखनासारख्या लिहून घ्या. नियम एकच: प्रत्येक मोठं अक्षर म्हणजे नवा अणू सुरू झाला. सूत्र वाचताना मोठ्या अक्षरांवर बोट ठेवत गेलं की किती प्रकारचे अणू आहेत ते लगेच मोजता येतं. आणखी एक, क्लोरीन आणि ॲल्युमिनियममधला छोटा ‘एल’ खाली वळवून लिहा. सरळ दांडी काढली तर तपासणाऱ्याला तो ‘आय’ वाटतो.

मॅग्नेशियम की मँगनीज? सारखा घोळ होतो.

मॅग्नेशियम एम-जी, अणुअंक १२. मँगनीज एम-एन, अणुअंक २५. ‘मॅग्ने’त ग आहे म्हणून जी, ‘मँगनीज’च्या शेवटाकडे नी आहे म्हणून एन. अशी घोळ करणारी कार्डं एकामागून एक शिकवू नका, मध्ये किमान चार दिवस जाऊ द्या. हेच नायट्रोजन, निऑन, निकेल, सोडियम यांना लागू.

खताच्या गोणीवरचे आकडे म्हणजे हीच मूलद्रव्यं का?

हो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या मुलाला रसायनशास्त्र शिकवायला याहून चांगलं पुस्तक नाही. नत्र, स्फुरद, पालाश म्हणजे नायट्रोजन (एन), फॉस्फरस (पी) आणि पोटॅशियम (के). गोणीवरचे तीन आकडे याच क्रमाने टक्के सांगतात. पण त्यात एक मेख आहे: स्फुरद मोजतात पी-टू-ओ-फाइव्ह धरून आणि पालाश के-टू-ओ धरून. गोणीत ही ऑक्साइडं प्रत्यक्षात नसतात, ही मोजण्याची जुनी रीत आहे.

१३:०:४५ घ्या. हे पोटॅशियम नायट्रेट, के-एन-ओ-थ्री. अणुवस्तुमानं मांडा: पोटॅशियम ३९, नायट्रोजन १४, तीन ऑक्सिजनचे ४८, एकूण १०१. नायट्रोजनचा वाटा १४ ÷ १०१, म्हणजे १३.९ टक्के. पोटॅशियमचा वाटा ३९ ÷ १०१, म्हणजे ३८.६ टक्के. मग गोणीवर ४५ कसे? के-टू-ओ मध्ये दोन पोटॅशियम लागतात, म्हणून के-एन-ओ-थ्रीचे दोन रेणू घ्यायचे: के-टू-ओचे ९४ ÷ दोन रेणूंचे २०२ = ४६.५ टक्के. शंभर टक्के शुद्ध माल नसतो, म्हणून १३ आणि ४५ छापतात. २५ किलोच्या गोणीत के-टू-ओच्या हिशेबाने ११.२५ किलो पालाश येतं. खरं पोटॅशियम त्याला ०.८३ ने (के-टू-ओच्या ९४ मध्ये पोटॅशियम ७८) गुणून, साधारण ९.३ किलो.

हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने केला की अणुवस्तुमान कशासाठी शिकायचं हा प्रश्न मूल पुन्हा विचारत नाही. पुढे ०:५२:३४ करायला द्या, ते के-एच-टू-पी-ओ-फोर.

शिसपेन्सिलमध्ये शिसं असतं का?

नसतं. त्यात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. अशी फसवी नावं बरीच आहेत. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नाही. तांबं, जस्त आणि निकेल. टिनाचा पत्रा म्हणतो तो बहुधा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा असतो. पितळ आणि कांसं ही मूलद्रव्यं नव्हेत: पितळ तांबं अधिक जस्त, कांसं तांबं अधिक कथील. त्यांना संज्ञा नाही आणि ठरलेलं सूत्रही नाही, कारण ती मिश्रणं आहेत. पितळी भांड्याला आतून कल्हई लावतात ती मात्र कथील, एस-एन.

अणू किती लहान, हे घरच्या घरी कसं समजवायचं?

‘खूप खूप लहान’ म्हणून काहीच कळत नाही. मोजून दाखवा.

स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा रोल घ्या. बरोबर १ मीटर लांबीचा तुकडा कापा. रुंदी पट्टीने मोजा, खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. घडी घालून डिजिटल वजनकाट्यावर ठेवा. समजा रुंदी ३० सेंमी आणि वजन ९ ग्रॅम भरलं. क्षेत्रफळ ३००० चौरस सेंमी. ॲल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणून आकारमान ९ ÷ २.७ = ३.३३ घन सेंमी. जाडी ३.३३ ÷ ३००० = ०.००११ सेंमी, म्हणजे ११ मायक्रॉन, म्हणजे ११,००० नॅनोमीटर. ॲल्युमिनियमच्या एका अणूची रुंदी सुमारे ०.२८६ नॅनोमीटर. भागाकार केला की येतात साडेअडतीस हजार.

बोटांच्या चिमटीत धरलेल्या, फुंकरीने उडणाऱ्या त्या पापुद्र्याच्या जाडीत साडेअडतीस हजार अणू शेजारी शेजारी मावतात. आणि तुकड्यात एकूण किती? २७ ग्रॅम ॲल्युमिनियममध्ये ६.०२२ × १०²³ अणू असतात. ९ ग्रॅम म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा: दोनावर तेवीस शून्यं.

चुकतं कुठे? तुकडा लहान घेतला तर. घरचा काटा एक-एक ग्रॅमने पुढे सरकतो. १० सेंमीचा तुकडा त्याला कळतच नाही, कधी शून्य दाखवतो कधी एक. एका मीटरलाही अर्ध्या ग्रॅमची चूक धरून चाला. जमल्यास तीन मीटर घ्या आणि नंतर तोच फॉइल डब्याला वापरा. दुसरी चूक एककांची: १ सेंमी म्हणजे १० मिमी, १ मिमी म्हणजे १००० मायक्रॉन, १ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर. ही पायरी कागदावर मांडा, मनात नको.

अणूच्या आत बहुतांश पोकळी असते म्हणतात. ती कशी डोळ्यांसमोर आणायची?

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या मधोमध, खेळपट्टीवर, मोहरीचा एक दाणा ठेवा. दीड मिलिमीटरचा. तो केंद्रक. मग अणूची कड साधारण सीमारेषेजवळ येते, कारण अणू केंद्रकाच्या सुमारे लाखपट मोठा असतो (जड अणूंत हे प्रमाण काही दहा हजार पटींपर्यंत खाली येतं). अणूचं जवळपास सगळं वस्तुमान त्या मोहरीत. बाकीच्या मैदानात फक्त इलेक्ट्रॉन.

चित्रातले इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरतात. खरंच तसं असतं?

नाही. इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेने फिरत नाहीत, केंद्रकाभोवती अमुक भागात सापडण्याची शक्यता तेवढी सांगता येते. कवचांचं चित्र इलेक्ट्रॉन मोजायला उत्तम आहे, त्यासाठी वापरा. अणूला रंगही नसतो. सोन्याचा एकटा अणू पिवळा नाही, पिवळेपणा असंख्य अणू एकत्र आल्यावर दिसतो.

रेणूची प्रतिकृती कशापासून करावी?

भिजवलेले हरभरे आणि टूथपिक. आठ ते दहा तास भिजवा. त्याहून जास्त भिजले तर टोचताना दुभंगतात, कमी भिजले तर टूथपिक मोडते. टोचून झाल्यावर दिवसभर सुकू द्या, दाणा आवळतो आणि सांधा पक्का होतो. द्राक्षं दिसायला सुंदर, पण संध्याकाळपर्यंत रस गळून सांधे सैल पडतात. रंगांचा प्रचलित संकेत पाळा: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, गंधक पिवळा, क्लोरीन हिरवा.

कोन सांभाळा, निम्म्या प्रतिकृती तिथेच बिघडतात. पाण्याचा रेणू सरळ रेषेत नसतो. दोन हायड्रोजनमधला कोन १०४.५ अंश, काटकोनापेक्षा थोडा फाकलेला. कार्बन डायऑक्साइड मात्र सरळ. मिथेन वहीत अधिकच्या चिन्हासारखा काढतात, हातात मात्र तो तिवईसारखा उभा राहिला पाहिजे: तीन हायड्रोजन पाय, चौथा वर, कोन १०९.५ अंश. आणि मुलांना सांगून ठेवा, टूथपिकच्या जागी खरं तर काडी नाही. अणू एकमेकांत शिरल्यासारखे जवळ असतात.

अणूंची अदलाबदल डोळ्यांनी दिसेल असं काही आहे?

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीचं बोर्डो मिश्रण करणाऱ्याला हा प्रयोग नकळत पाठ असतो. एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी पातं मिनिटभर बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी चुन्याची निवळी घालायची, नाहीतर पानं करपतात.

घरी हे काचेच्या ग्लासात करा. १०० मिली पाण्यात अर्धा चमचा मोरचूद विरघळवा, पॉलिश पेपरने चकचकीत केलेला लोखंडी खिळा सोडा. वीस मिनिटांत खिळा तांबडा होतो. लोखंडाचा एक अणू पाण्यात उतरला की तांब्याचा एक अणू खिळ्यावर बसतो. पुरेसा वेळ ठेवलं तर निळा रंग फिका पडत जातो, कारण निळेपणा पाण्यातल्या तांब्याचा होता. आता समीकरण लिहा: एफ-ई आत, सी-यू बाहेर. संज्ञांनी जागा बदलल्या म्हणजे अणूंनीच बदलल्या.

खिळा काळपट झाला तर त्यावर जस्ताचा मुलामा होता. काहीच झालं नाही तर तो स्टेनलेस स्टीलचा किंवा तेलकट आहे. मोरचूद विषारी आहे. ग्लास पुन्हा पिण्यासाठी वापरू नका, हात साबणाने धुवा, आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय करू नका.

लासलगावला कांद्यासाठी कोबाल्ट-६० वापरतात. हा ६० कसला?

अणुवस्तुमानांक. कोबाल्टचे प्रोटॉन २७, तो आकडा कधी बदलत नाही, बदलला तर ते कोबाल्टच राहत नाही. नेहमीच्या कोबाल्टमध्ये न्यूट्रॉन ३२, बेरीज ५९. कोबाल्ट-६० मध्ये एक न्यूट्रॉन जास्त, ३३. तेवढ्याने तो अस्थिर होतो आणि गॅमा किरण सोडतो. दर ५.२७ वर्षांनी त्याचे निम्मे अणू उरतात. लासलगावच्या कृषक केंद्रात या किरणांनी कांद्याला कोंब फुटणं थांबवतात. किरण कांद्यातून जातात, कोबाल्ट कांद्यात जात नाही, त्यामुळे कांदा किरणोत्सारी होत नाही.

अणू आजपर्यंत कोणी पाहिलाय का?

साध्या सूक्ष्मदर्शकातून शक्य नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, अणू ०.१ ते ०.५ नॅनोमीटरचा. लाटेपुढे खडा इतका लहान की लाटेला त्याचा पत्ताच लागत नाही. १९८१ मध्ये बिनिग आणि रोरर या शास्त्रज्ञांनी झुरिकमध्ये वेगळा मार्ग काढला: अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाजवळून फिरवायची आणि मध्ये वाहणाऱ्या बारीकशा विद्युतधारेवरून उंचसखलपणा टिपायचा. आंधळ्या माणसाने बोटांनी चेहरा ओळखावा तसं. १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९८९ मध्ये अशाच यंत्राने झेनॉनचे ३५ अणू एकेक सरकवून अक्षरं लिहिली गेली.

वरण उतू गेलं की गॅसची ज्योत पिवळी का होते?

मिठातल्या सोडियममुळे. तापलेला सोडियमचा अणू ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश सोडतो. फटाक्यांत हिरवा रंग बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा. ज्योतीचा रंग बघून सोडियमच्या कार्डाच्या मागे एक ओळ वाढवा.